हात धुतलात का?

सकाळी अंथरुणात उठून बसले की आधी आपल्या दोन्ही हातांकडे बघायचे, मग पाय भुईला टेकायचा, ही आपल्याकडची जुनी चाल. आमची आई हे नेमाने करी. ती म्हणे, "दिवसभराची भाकर हे हात देणार. म्हणून आधी त्यांचं दर्शन." खरेच आहे ते. भात लावतो तो हात. जाळे विणतो तो हात. बोईसरच्या कारखान्यात मशीन चालवतो तोही हातच. आणि आजारी माणसाच्या कपाळावर मायेने ठेवतो, तोही हातच.

पण मंडळी, हाच हात कधी कधी नकळत एकाचा आजार दुसऱ्याला नेऊन देतो. घरात नेतो, तसा दवाखान्यातही नेतो. दवाखान्यात तर जास्तच! ते कसे, आणि त्यावर उपाय काय, हे या पाठात सांगायचे आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. मॅट्रिक झालेले, जन्मभर जिल्हा परिषदेच्या शाळेत पोरांना शिकवलेले साधे मास्तर. पण आमच्या घरात एक गोष्ट घडली. ती आधी सांगतो.

दादांचा पाय

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आमचे थोरले बंधू, त्यांना आम्ही दादा म्हणतो. दादांना मधुमेह, म्हणजे साखरेचा आजार. शेताच्या बांधावर पायात काटा मोडला. दादांनी लक्ष दिले नाही. जखम चिघळली. मग दवाखान्यात ठेवावे लागले. दवाखान्याचे नाव सांगत नाही. नाव सांगून काही गेलेला पाय परत येत नाही.

डॉक्टरांनी जखम साफ केली. दोन दिवस बरे गेले. दादा बसून चहा मागू लागले.

आम्ही उशाशी बसून असायचो. रोज सकाळी पट्टी बदलायला एक माणूस यायचा. स्वभावाने चांगला, हसतमुख. आधी तो शेजारच्या खाटेवरच्या रोग्याची पट्टी सोडी. त्या रोग्याच्या जखमेत पू झालेला. मग तेच रबरी हातमोजे घालून दादांची पट्टी सोडी. मधल्या वेळात तोच हात खाटेच्या दांडीला लागे, तोच हात खिशातल्या मोबाइलला लागे. मोजे बदलणे नाही, हात धुणे नाही.

आम्ही हे डोळ्यांनी पाहिले. तीन दिवस पाहिले. आणि आम्ही गप्प बसलो.

का बरे गप्प बसलो? तीस वर्षांवर आम्ही शाळेत रोज सकाळी पोरांना ओळीत उभे करून नखे तपासली. नखात माती दिसली की पोराला नळावर पिटाळले. पण इथे आमची जीभ टाळूला चिकटली. मनात आले, ही दवाखान्यातली माणसे. यांना आपण काय शिकवायचे? आपण बोललो आणि त्यांना राग आला तर? तो राग दादांवर निघाला तर?

पाचव्या दिवशी दादांना हुडहुडी भरून ताप आला. जखमेत पू झाला. काळेपणा वर चढू लागला. मुंबईला हलवले, पण घोट्याच्या वर पाय कापावा लागला. दादा वाचले. आता कुबडी घेऊन अंगणापर्यंत येतात.

त्या हातमोज्यांमुळेच हे झाले, असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. साखरेच्या आजारात जखम एरवीही चिघळते. पण "एकदा विचारलं असतं तर?" हा प्रश्न आमच्या मनातून जात नाही. म्हणून तर हा पाठ लिहायला घेतला.

न दिसणारे प्रवासी

आजार हातावरून जातो म्हणजे काय जाते? जातात ते जंतू. ते इतके बारीक असतात की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. मोठी भिंगे बसवलेल्या यंत्रातून पाहावे लागतात. हात दिसायला स्वच्छ असतो आणि त्यावर हजारो जंतू असतात.

आम्ही शाळेत एक खेळ करत असू. एका पोराच्या तळहाताला गुलाल चोळायचा. त्याला सांगायचे, "जा, चार दोस्तांशी हात मिळवून ये." मग त्या चौघांनी आणखी चौघांशी. थोड्या वेळाने बघावे तो काय! दप्तरावर गुलाल, फळ्यावर गुलाल, पाण्याच्या पिंपाच्या तोटीवर गुलाल. एकाच्या तर ओठावरही गुलाल. गुलाल लाल म्हणून दिसला. जंतूंना रंग नसतो, एवढाच फरक.

दवाखान्यातही असेच होते. एका खाटेवरून हात दुसऱ्या खाटेवर जातो. हाताबरोबर जंतू जातात. त्यांना ना तिकीट लागते, ना पास.

दवाखान्यातच जास्त भीती का?

कोणी म्हणेल, "मास्तर, दवाखाना तर घरापेक्षा स्वच्छ. तिथं कसली भीती?" विचारणे बरोबर आहे. कारणे तीन आहेत.

पहिले कारण. दवाखान्यात आजारी माणसे एका ठिकाणी गोळा होतात. म्हणून तऱ्हेतऱ्हेचे जंतूही तिथे गोळा होतात.

दुसरे कारण. रोग्याचे अंग आधीच खचलेले असते. शिवाय त्याच्या अंगाला नवी दारे पडलेली असतात. सलाईनची सुई म्हणजे एक दार. लघवीची नळी म्हणजे एक दार. टाक्यांची जखम म्हणजे एक दार. धडधाकट माणसाची कातडी जंतूंना बाहेर अडवते. इथे त्यांना वाट मोकळी मिळते.

तिसरे कारण. दवाखान्यात औषधांचा मारा सतत चालू असतो. त्यातून जे जंतू तगतात, ते औषधांना सरावलेले असतात. असा जंतू अंगात शिरला की साधे औषध त्याला मानवत नाही. भारी औषध लागते, जास्त दिवस लागतात. मग पैसा जातो, मजुरी बुडते, आणि कधी माणूसही जातो.

जगाचे आरोग्य पाहणारी जागतिक आरोग्य संघटना आहे. तिने २०२२ साली हिशेब मांडला. श्रीमंत देशांत दवाखान्यात दाखल झालेल्या दर १०० रोग्यांपैकी ७ जणांना दवाखान्यातच नवा संसर्ग होतो. गरीब आणि मध्यम देशांत १०० पैकी १५ जणांना होतो. मात्र हात स्वच्छ ठेवले आणि इतर साध्या काळज्या घेतल्या, तर यातले १०० पैकी ७० संसर्ग टळू शकतात, असेही त्याच हिशेबात आहे.

डॉक्टरांनाही उशिरा कळले

आज ही गोष्ट सोपी वाटते. पण शिकल्यासवरल्या डॉक्टरांनाही ती कळायला फार काळ लागला. त्याची गोष्ट मोठी आहे. थोडक्यात सांगतो.

युरोपात व्हिएन्ना नावाचे शहर आहे. तिथल्या मोठ्या सरकारी इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एका विभागात डॉक्टर आणि शिकाऊ डॉक्टर बाळंतपण करत. दुसऱ्या विभागात सुइणी करत. आता सांगा, कोणत्या विभागात बायका जास्त मरत असतील? तुम्ही म्हणाल, सुइणींच्या. नाही! डॉक्टरांच्या विभागात जास्त मरत. १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरात अकरांवर बायका दगावल्या. सुइणींच्या विभागात शंभरात तीनसुद्धा नाही. बाळंतज्वर यायचा आणि चारआठ दिवसांत बाई जायची. गरोदर बायका हातापाया पडून सांगत, "आम्हाला सुइणींच्या विभागात घ्या."

तिथे सेमेलवाइस नावाचा तरुण डॉक्टर होता. हे बघून त्याची झोप उडाली. हवा तीच, अन्न तेच, शहर तेच. मग फरक कशाचा? १८४७ साली त्याचा एक डॉक्टर मित्र वारला. मुडदा तपासताना त्याला चाकू लागला होता. त्याच्या अंगात जी लक्षणे दिसली, ती बाळंतज्वराच्या बायकांसारखीच होती. तेव्हा सेमेलवाइसच्या डोक्यात उजेड पडला. डॉक्टर मंडळी सकाळी मुडदे तपासत आणि त्याच हातांनी बाळंतिणींना तपासत! सुइणी मुडद्यांना हात लावत नसत. मुडद्यावरचे विष डॉक्टरांच्या हातावरून बाळंतिणीकडे जात होते.

त्याने नियम केला. क्लोरीनच्या पाण्यात हात धुतल्याशिवाय कोणी बाळंतिणीला हात लावायचा नाही. आपल्या गावच्या विहिरीत ग्रामपंचायत जी वासाची पांढरी पावडर टाकते, त्याच जातीची पावडर त्या पाण्यात होती. एप्रिल १८४७ मध्ये त्या विभागात ३१२ बाळंतिणींपैकी ५७ दगावल्या होत्या. मेच्या मध्याला हात धुणे सुरू झाले. जूनमध्ये २६८ बाळंतिणींपैकी फक्त ६ दगावल्या. औषध नवे नाही, यंत्र नवे नाही. धुतलेले हात, एवढेच.

पण त्याचे पुष्कळांनी ऐकले नाही. "आम्ही सभ्य डॉक्टर. आमचे हात घाण कसे?" असा मोठमोठ्यांना राग आला. सेमेलवाइस खचला. १८६५ साली वेड्यांच्या इस्पितळात तो मेला. जखम चिघळून मेला, वयाच्या ४७ व्या वर्षी. पुढे फ्रान्सच्या पाश्चरने जंतू दाखवले, इंग्रज डॉक्टर लिस्टरने शस्त्रक्रियेत जंतू मारायची रीत घातली. तेव्हा जगाला कळले की सेमेलवाइस खरे बोलत होता.

यातून आम्ही एक धडा घेतला. हात धुवायला सांगितले की माणसाला राग येतो, हे काही आजचे नाही. पण रागाच्या भीतीने गप्प बसले, तर जीव जातात. हेही आजचे नाही.

आपल्या मातीतला दाखला

परदेशाचे पुरे. आपल्या महाराष्ट्राकडे या. गडचिरोलीच्या जंगलभागात डॉक्टर अभय बंग आणि डॉक्टर राणी बंग यांनी 'सर्च' ही संस्था काढली. तिथल्या ३९ खेड्यांत तान्ही बाळे फार जात. दर हजार बाळांत सुमारे ६२ बाळे महिन्याच्या आत जात. दोघा डॉक्टरांनी खेड्यांतल्याच बायकांना शिकवले. बाळाला हात लावण्याआधी हात धुवावे, बाळाला ऊब द्यावी, आईचे दूध लगेच पाजावे, जंतूंचा आजार वेळेत ओळखून औषध द्यावे. १९९८ पर्यंत हाच आकडा हजारी २५ च्या आसपास आला. हे एकट्या हात धुण्याचे फळ नव्हे, सगळ्या कामाचे फळ. पण कामाची सुरुवात धुतलेल्या हातांनी होते.

हीच वाट पुढे आपल्या आशाताईंनी धरली. बाळंतपणानंतर ४२ दिवसांपर्यंत त्या ठरलेल्या दिवशी घरी येतात. बाळाला घेण्याआधी त्या पाणी आणि साबण मागतात. तेव्हा "पाणी कशाला हवं?" म्हणू नका. पुढे होऊन तांब्या द्या.

आपल्या डहाणू तालुक्यातही ही शिकवण जुनीच आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचे काम सुरू केले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. त्यांनी आदिवासी मुलांना अक्षरांबरोबर स्वच्छताही शिकवली.

डॉक्टर-सिस्टरांनी हात कधी धुवावे?

जगभर यासाठी पाच वेळा ठरवून दिल्या आहेत. हाताला पाच बोटे, तशा या पाच वेळा.

एक, रोग्याला हात लावण्याआधी.
दोन, सुई, सलाईन, नळी, टाके, पट्टी यांचे काम करण्याआधी.
तीन, रक्त, लघवी, पू अशा कशाशी हात आल्यावर.
चार, रोग्याला तपासून झाल्यावर.
पाच, रोग्याची खाट, चादर, सामान यांना हात लागल्यावर.

हातमोजे घातले म्हणजे हात धुवायला नको, हा गैरसमज आहे. मोजे एका रोग्यापुरते असतात. दुसऱ्या रोग्याला दुसरे मोजे. मोजे घालण्याआधी हात स्वच्छ, काढल्यावरही हात स्वच्छ. बदलले नाहीत, तर मोजे हातांइतकेच जंतू वाहून नेतात.

हात कसे धुवावे?

सातपाटीच्या कोळणीला विचारा. मासळी कापल्यावर नुसत्या पाण्याने हाताचा वास जातो का? जात नाही. कारण हाताला तेलकटपणा धरतो. साबण तो तेलकटपणा सोडवतो. जंतूही तसेच हाताच्या तेलकटपणाला धरून बसलेले असतात. साबणाने ते सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. मातीने हात घासू नये. मातीतच जंतू असतात.

हात ओले करा. साबण लावा. तळव्यावर तळवा चोळा. हाताची मागची बाजू चोळा. बोटांच्या बेचक्या चोळा. अंगठा मुठीत धरून फिरवा. अंगठा सगळेच विसरतात! शेवटी बोटांची टोके दुसऱ्या तळव्यावर घासा, म्हणजे नखे निघतील. मग भरपूर पाण्याने धुवा. स्वच्छ फडक्याला पुसा किंवा तसेच वाळू द्या. पदराला, लुंगीला पुसू नका. पुसलेत की केलेले काम फुकट.

या सगळ्याला ४० ते ६० सेकंद लागतात. घड्याळ नसेल तर 'क ख ग' पासून 'ज्ञ' पर्यंत सावकाश दोनदा म्हणा. हातही स्वच्छ आणि अक्षरेही पक्की!

दवाखान्यात खाटेपाशी किंवा भिंतीला एक बाटली असते. ती दाबली की हातावर औषधी पाणी येते. २०२० साली कोरोना आला, तेव्हापासून ही बाटली सगळ्यांना माहीत झाली. हे पाणी २० ते ३० सेकंद सगळ्या हाताला चोळून वाळवायचे. मात्र हात दिसायला मळलेले असतील, रक्त लागले असेल किंवा रोग्याला जुलाब होत असतील, तर साबण-पाणीच हवे. "एवढीशी बाटली काय करणार?" असे म्हणू नका. स्वित्झर्लंडमधल्या जिनिव्हा शहराच्या इस्पितळात १९९४ पासून खाटेखाटेला अशा बाटल्या ठेवल्या आणि लोकांना सवय लावली. तिथे शंभरात १७ रोग्यांना संसर्ग होत असे. चार वर्षांत तो १० वर आला.

विचारावे कसे?

आता मुख्य गोष्ट. पालघर असो, बोईसर असो, नाहीतर जव्हारचे पतंगशाह कुटीर रुग्णालय असो. दवाखान्यात जाणे कुणाला चुकत नाही. तिथे एकेका सिस्टरकडे कितीतरी खाटा असतात. रात्रपाळी असते. कधी नळाला पाणी नसते. म्हणून हात धुणे राहून जाते. ती माणसे वाईट नसतात, दमलेली असतात. तेव्हा भांडू नये. पण गप्पही बसू नये.

गोड बोलावे. "सिस्टर, रागावू नका. पट्टी सोडण्याआधी हात धुतलात का?" "मामा, हे मोजे बदलता का?" "डॉक्टरसाहेब, बाटली इथे ठेवली आहे." एवढे पुरते. यात कुणाचा अपमान नाही. आपला माणूस आहे, आपल्याला विचारायचा हक्क आहे.

नळाला पाणी नसेल, साबण नसेल, तर सिस्टरला बोलून उपयोग नाही. सरकारी दवाखान्याला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्याकडे लेखी अर्ज करा. आता तुम्हाला लिहिता येते की! "हात धुण्याच्या जागी पाणी व साबण ठेवावा, ही विनंती." खाली सही करा. अंगठा नको, सही.

आणि आपले हात?

दुसऱ्याला विचारायचे, तर आपले हात आधी स्वच्छ हवेत. आपण एस.टी.ने, लोकलने दवाखान्यात जातो. दांडी धरतो, नोटा मोजतो, तंबाखू मळतो. आणि तसेच जाऊन रोग्याचा हात हातात घेतो, बाळाचे गाल कुरवाळतो. पाहुण्यांनी आत शिरताना हात धुवावे, निघतानाही धुवावे. दहाजणांनी मिळून भेटायला जाऊ नये. रोग्याच्या खाटेवर बसू नये. पट्टीला, सलाईनच्या नळीला हात लावू नये.

शेवटी एक सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या सूनबाई सरकारी इस्पितळात बाळंत झाल्या. नात झाली. सिस्टर बाळाला घ्यायला आली. आमच्या छातीत धडधडू लागले. दादांचा पाय डोळ्यांसमोर आला. आम्ही उठलो आणि हात जोडून म्हणालो, "सिस्टर, बाळाला घेण्याआधी हात..."

ती थांबली. हसली. म्हणाली, "आजोबा, आत्ताच धुतलेत. पण तुम्ही विचारलंत, बरं केलंत. सगळ्यांनी विचारावं." आणि तिने आमच्यासमोर पुन्हा बाटली दाबून हात चोळले. मग आमच्याकडे बघून म्हणाली, "आणि तुमचे?"

आम्ही निमूटपणे नळावर गेलो. क ते ज्ञ दोनदा म्हटले. मग नातीला हातात घेतले.